शनिवारी झोपणारे मासे

शनि., ८ नोव्हें. देवास

बस खचाखच. धारहून इंदूर, इंदूरला बस बदलून देवास, दर शनिवारचा वनवास. नाना दारातच उभे. "आलीस बेबी? आधी हातपाय धू."

माशांच्या टँककडे बघितलं आणि पिशवी तिथेच टाकून धावले. राणीसाहेब तळाशी एका कुशीवर आडव्या. दिवाणजी शेजारी, तेही कलंडलेले. भर दुपारी! टिचकी मारली तर कल्ले हलतात, पण जागचे उठत नाहीत. आई गेल्यावर नानांना सोबत म्हणून ही क्लाउनफिशची जोडी मीच आणली. आता यांचं काही झालं तर नाना परत भिंतीकडे बघत बसणार.

पाणी तपासलं. मीठ बरोबर, अमोनिया नाही, तापमान ठीक. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, एवढं तरी येतं.

नाना म्हणे, "म्हातारे झाले असतील, माझ्यासारखे." त्यांना हसू आलं. मला नाही.

रवि., ९

काल टँकचा दिवा बंद करून वर चादर टाकली होती. दुपारपर्यंत ढिम्म. मग राणीसाहेब उठल्या, दिवाणजींना कोपऱ्यात हाकललं, खाल्लं. मी निघेपर्यंत दोघे टवटवीत. काही कळत नाही बुवा.

बुध., १२. धार

वाचून काढलं. हे मासे रात्री असेच झोपतात म्हणे. कुशीवर, कोपऱ्यात, कधी वर तरंगत, अंग हलवत. आजार नाही. पण दिवसा का?

स्टाफरूममध्ये एक मॅडम, "मछली की इतनी चिंता! इससे तो शादी कर लेतीं." म्हटलं, मासे उलटून बोलत नाहीत. 

संध्याकाळी नानांचा फोन, रोजच्यासारखा. रात्री दिवा बंद करता ना, विचारलं. "हो गं. झोपायला जाताना, रोज."

शनि., १५. देवास

पुन्हा आडवे दोघंही. आजार काय शनिवार बघून येतो?

फ्रिजमध्ये दूध नाही. कालची पोळी-भाजी, काहीच नाही. नानांना विचारलं काल काय जेवलात, तर "खिचडी". भांडं कुठे? "घासलं." नानांनी उभ्या जन्मात भांडं घासलेलं नाही.

रवि., १६. बसमध्ये

मला कळलं बहुतेक. नाना विसरायला लागलेत. रात्री टँकचा दिवा बंद करायचा विसरतात, म्हणून मासे दिवसा आडवे; दूध विसरतात, जेवायचंही विसरत असतील आणि मला काहीतरी सांगतात. आजीचं असंच सुरू झालं होतं. इंदूर येईपर्यंत डोळे पुसत होते, शेजारची बाई पाणी द्यायला लागली.

जुलैत चालून आलेली भोपाळची प्रिन्सिपलची जागा सोडली ते बरंच केलं. तेव्हा नानांच्या डोळ्यांत पाणी. "तू भोपाळला गेलीस तर मी कुणाकडे बघू?" मुकुंद इंदूरला, तासाभराच्या अंतरावर, पण धाकट्या चिरंजीवांना वेळ कुठला.

गुरु., २०. देवास

सीएलची रजा टाकली. डॉक्टरची वेळ घेतली होती. नानांना सांगितलं नाही, सांगितलं तर म्हणाले असते मला काय धाड भरलीय.

दाराला कुलूप.

समोरच्या भाभी गॅलरीतून, "दीदी, आज कैसे? अंकलजी तो शनिवार सुबह आते हैं ना. मुकुंद भिया छोड़ जाते हैं."

"हाँ, भूल गई," म्हटलं.

माझ्या किल्लीने उघडलं. खिडक्या बंद, सगळीकडे धूळ, आणि टँकचा दिवा लख्ख चालू. वर खाणं टाकायचं यंत्र लावलेलं, मी कधी न पाहिलेलं. मासे जागे. नुसते एका जागी थरथरतात.

नानांना फोन लावला. "कुठे आहात?"

"घरीच. कुठे जाणार मी? माशांसमोर बसलोय."

मी माशांसमोर उभी होते. पलीकडे कुकरची शिट्टी. मुकुंदची पोरगी, "आजोबा, आपकी बारी!" कॅरम चाललेला असावा.

"बरं," म्हटलं आणि ठेवला.

शुक्र., २१. धार

भावजयीला फोन केला. मेघा आधी आडवळणं घेत होती, मग रडली. दसऱ्यापासून नाना त्यांच्याकडेच आहेत. "ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. नानाच म्हणाले, बेबीचा तेवढाच विरंगुळा आहे. शनिवार-रविवार तिला जायला कुठेतरी हवं."

विरंगुळा! आणि तोही माझा.

आणि दिवा? "मासे अंधारात घाबरतील, म्हणाले." म्हणून आठवडाभर रात्रंदिवस उजेड, आणि शनिवारपर्यंत मासे थकून आडवे.

म्हणजे मी यांच्यासाठी भोपाळ सोडलं, आणि हे माझ्यासाठी शनिवारी पहाटे उठून, गाडीत बसून, रिकाम्या घरात म्हातारे एकटे नाना होऊन बसतात. मी इंदूरच्या स्टँडवर धक्के खात असते तेव्हा हे पुढे पोचलेले. सगळ्या गल्लीला ठाऊक. माझीच काय ती अक्कल गहाण.

फसवलं मला. सगळ्यांनी मिळून, प्रेमाने. भांडू तरी कुणाशी?

मुकुंदचा मेसेज: "ताई टेन्शन मत ले यार. नानांना सांगू नको तुला कळलंय. टूट जाएँगे." वा रे वा. मी नाही का टूटत?

शनि., २२. देवास

सकाळी नानांना फोन. आज येत नाही, बरं नाहीये.

"बरं बेबी. आराम कर." मग फोन बाजूला धरून कुणाला तरी, "गाडी काढू नकोस रे." इतका हलका, सुटल्यासारखा आवाज. आई गेल्यापासून असा ऐकला नव्हता. फोन ठेवल्यावर मी रडले, रागाने की कशाने, माहीत नाही.

तरी निघालेच. माशांनी काय घोडं मारलंय? इंदूरला बस बदलली, मुकुंदकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं नाही.

आल्या आल्या दिवा बंद केला, चादर टाकली. कुकर लावला, एकटीने वरणभात खाल्ला.

संध्याकाळी नानांचा फोन. "बरं वाटतंय का? सुंठ घे. माझी काळजी नको करू, मी इथे मजेत."

"मासे काय करताहेत?"

"झोपलेत की. शेजारी शेजारी, निवांत."

चादर उचलून पाहिलं. झोपले होते, शेजारी शेजारी.

एवढं तोंडाशी आलं होतं. नाना, मी घरात आहे. तुम्ही नाही. दोन वाक्यं. पण निघाली नाहीत.

"पुढच्या शनिवारी येशील ना?" नाना म्हणाले. "वाट बघतो गं मी तुझी."

आणि हे ते खरंच बोलत होते. मला नानांचा आवाज कळतो.

"बघते," म्हटलं.