चौथ्या पानावरचा फोटो

१५ जानेवारी २००५, शनिवार

छापून आलं! चौथ्या पानावर, अगदी वर. मी, कडेवर ओवी, मागे मंगलाबाई आणि आमच्या सगळ्या बायका. काल संक्रांत असूनही देशी दारूच्या दुकानासमोर दोन तास बसलो, त्याचा फोटो. मथळा – 'चिमुकली उन्हात, आई आंदोलनात'. दुकानाबद्दल शेवटच्या दोन ओळी. नाशिकचं जानेवारीतलं ऊन ते काय! ओवीच्या अंगात स्वेटर होतं. फोटोतही दिसतंय.

एरवी आमच्या बातम्यांची कात्रणं मी फाइलीत लावते. हे नाही लावणार. अंक घडी करून खाटेखालच्या रद्दीत, पार तळाला सारला.

१८ जानेवारी, मंगळवार

आज ओवीला तिच्या बाबाकडे, महेशकडे ठेवलं. त्याची दुसरी पाळी आहे, दुपारपर्यंत घरी असतो. मी हळदीकुंकवाला बाहेर पडले. संक्रांत ते रथसप्तमी बायको कुणाच्याही घरी जाऊ दे, नवरे काही म्हणत नाहीत – म्हणूनच मंगलाबाईंनी हे दिवस धरले. तिळगूळ द्यायचा, कुंकू लावायचं आणि हळूच सांगायचं – सहा फेब्रुवारीला मतदान, दुकान बंद व्हायला हवं तर चिठ्ठीवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मारला की दुकान कायमचं बंद. हमीदाआपा तिच्या गल्लीत अत्तरदाणी घेऊन फिरतेय. वरच्या आळीत मी. तिथल्या घरोघरी मी शिवलेले ब्लाउज आहेत, त्यामुळे मला दार उघडतात.

चौकात तो परवाचा फोटो छापणारा वार्ताहर भेटला. "ताई, आज बाळ कुणाकडे टाकून आलात?" टाकून! गोरक्षभाऊ रोज आमच्यासोबत असतात, त्यांना तीन पोरं आहेत. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

रागातच म्हटलं, उद्या सकाळी घरी या, बघा कोण सांभाळतं ते.

२० जानेवारी, गुरुवार

'आई चळवळीत, बाप पोळपाटाशी'. महेशचा हसरा फोटो, हातात लाटणं. खाली 'आदर्श पिता'. ती एकच पोळी त्याने लाटली, फोटोपुरती. कणीक मी मळून ठेवली होती.

हसू येत होतं, तेवढ्यात पुढचं वाचलं. ओवीच्या बालवाडीचं नाव छापलंय. 'बारा वाजता सुटते' हेसुद्धा. मीच सांगितलं होतं, बोलण्याच्या भरात. हाही अंक रद्दीत टाकला.

महेश कामावरून परतला तो गप्पच. कँटीनमध्ये दोस्तांनी त्याला कागदात गुंडाळून लाटणं भेट दिलं. सगळ्यांसमोर उघडायला लावलं. घरी आणून त्याने ते मांडणीवर ठेवलं. मी म्हटलं, हसण्यावारी ने.

२४ जानेवारी, सोमवार

सकाळी दाराच्या फटीतून सरकवलेलं पाकीट. आत पंधरा तारखेचा फोटो, कापून काढलेला. ओवीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. एक अक्षर लिहिलेलं नाही.

दुकानवाल्याचीच माणसं, दुसरं कोण! आणि बालवाडी कुठली ते आता त्यांना शोधायलाही नको.

महेशला दाखवलं. त्याने फोटो परत पाकिटात घातला. मग म्हणाला, "आता तरी घरी बस."

२५ जानेवारी, मंगळवार

चौकीत जाऊन आले. हवालदार म्हणाले, "वाचलंय तुमचं पेपरात. एवढं लहान मूल असताना बाईने कशाला पडावं यात?" अर्ज ठेवून घेतला.

२६ जानेवारी

ओवीला पाठवलं नाही. झेंडावंदन बुडालं म्हणून रडली.

२९ जानेवारी, शनिवार

दुसरं पाकीट. या वेळी वीस तारखेची बातमी. 'बारा वाजता सुटते' याखाली लाल रेघ.

दारासमोर मोटरसायकल थांबली तरी मी ओवीला ओढून आत घेते. तिला वाटतं खेळ आहे, खिदळते. मला जेवण जात नाही. दाराला दिवसाढवळ्या आतून कडी.

मंगलाबाई येऊन बसल्या. "तुझ्याबिगर वरल्या आळीतल्या बाया निघायच्या नाय, सुवर्णा. पण पोर आधी. मला राग नाय यायचा." त्यांच्या थोरल्याला याच दुकानाने नेलं. म्हणून जास्तच लाज वाटली.

१ फेब्रुवारी, मंगळवार

सोडलं. वरच्या आळीची यादी मंगलाबाईंना देऊन आले. त्यांनी चहा केला, मला तो घेववला नाही.

३ फेब्रुवारी, गुरुवार

'अखेर आईपण जिंकलं'. मला कुणी विचारलंही नाही, तरी माझ्या तोंडी चार वाक्यं घातली आहेत. महेशने बातमी दोनदा वाचली. जेवताना आज खूप बोलला. कितीतरी दिवसांनी!

५ फेब्रुवारी, शनिवार

मांडणीवरचे कागद बदलायला रद्दी उपसली. तळातला पंधरा तारखेचा अंक उलगडला. चौथ्या पानाला चौकोनी भोक. त्यातून पलीकडचा डाळीचा डबा दिसत होता. वीस तारखेचा काढला. त्यालाही भोक.

मी कापले नाहीत. आणि या घरात मोठी माणसं दोनच आहोत.

बारा दिवस मी दाराला कडी घालत होते. त्याला घरात घेऊन!

तो आत आंघोळीला गेलाय, गाणं म्हणतोय. मतदान उद्या आहे. ओवीला स्वेटर घातलंय. यादी परत मागायला मंगलाबाईंकडे निघाले – तिला कडेवर घेऊन.