नानांच्या गाडीचं चार्जिंग

मंगळ., ४ नोव्हें.
दादाच्या पायाला प्लॅस्टर घालून आज सतरा दिवस. तेवढेच दिवस आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज मी एकटी चालवतेय. पंधरा वर्षं इथेच काउंटरवर बसून फ्यूज अन् बल्ब विकले, हात नुसते शिवशिवायचे. दादाचं ठरलेलं आहे: "प्लॅस्टर निघालं की तू परत काउंटरवर. धुळ्यात बाईच्या हाती गाडी कोण देतं?"
देतात की! सतरा दिवसांत एक गाडी परत आलेली नाही.
दुपारी लळिंगकडचे एक नाना आले. पंचवीस वर्षांची जीप, ट्रॅक्टरला बांधून आणलेली. मला बघून, "तुन्हा भाऊ कोठे शे वं? गाडी कोन दखी?"
"मीच."
बराच वेळ टोपीची काढघाल चालली. मग सांगितलं. दसऱ्यापासून त्रास. बॅटरीचा दिवा विझत नाही, चावी फिरवली की सेल्फ नुसता टक्‌ करतो. दोन मेकॅनिक झाले, बॅटरी नवी, ती चार्ज करणारा अल्टरनेटर नवा, तरी चार दिवसांत बॅटरी झोपते. बायकोचे, अक्कांचे, गुडघे गेलेत, एस.टी.ची पायरी चढवत नाही, म्हणून गाडी हवी. नाहीतर रविवारी भंगारात.
धक्का मारून चालू केली, बॅटरीवर मीटर लावला. १२.६ व्होल्ट. चौदाच्या आसपास हवं. मी ठणकावून सांगितलं, नवा अल्टरनेटरच खराब आहे.

बुध., ५
तोंडावर आपटले. अल्टरनेटर उतरवून उघडला. ब्रश चांगले, डायोड चांगले, टेबलावर फिरवला तर मस्त करंट देतोय. नाना बाकड्यावर बसून सगळं बघत होते.
दादाचा फोन. "चालू गाडीत बॅटरीची वायर उपस. इंजिन बंद पडलं की अल्टरनेटर गेला समज."
म्हटलं, नाही उपसणार. त्यानं चांगले डायोड उडतात.
"तू मला शिकवतेस?" आणि फोन बंद.
आता चुकले तर प्लॅस्टर निघायची वाटसुद्धा बघणार नाही तो. जेवण गेलं नाही.

गुरु., ६
सापडलं!! सापडलं, सापडलं.
सकाळी अल्टरनेटर परत बसवला आणि डोकं थंड ठेवून मोजत गेले. अल्टरनेटरच्या बोल्टवर मीटरचं एक टोक, त्याच्याच अंगावर दुसरं: १४.३. बॅटरीवर तेच १२.६. म्हणजे करंट तयार होतो, बॅटरीपर्यंत पुरा पोचत नाही. वाटेत खातंय कोण? प्लसच्या वायरीवर बघितलं, ०.१. काही नाही. मग अल्टरनेटरचं अंग ते बॅटरीचा मायनस: १.६!
जायची वाट मोकळी, यायची वाट बंद. दोन्ही मेकॅनिक आणि मीही फक्त जायची वाट बघत होतो.
खाली शिरले. इंजिनला चासीशी जोडणारी अर्थची पट्टी, तिच्याखाली चकचकीत निळा ऑइल पेंट. बोल्ट काढून, रंग देऊन, वाळवून परत आवळलेला. एवढं निगुतीनं काम कोणी केलं?
नानांनी मान खाली घातली. "पोयाले बैलेस्ना शिंगे रंगाडात, डबामा रंग उरना. दसराले पूजा व्हती, म्हनीसन गाडीबी नटाडी. बठ्ठा बोल्ट मीच उघडेल शेत."
पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग! मला हसू आवरेना. प्रेमानंच मारली होती बिचारीला. रंग घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी आवळली. चावी नानांच्याच हातात दिली. पहिल्या झटक्यात सेल्फ! बॅटरीवर १४.२, दिवा गुल.
"चूक मन्ही, अन् दोस बॅटरीले!" नाना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होते.
मी हे शोधलं. मी. कुणाला न विचारता. आज आरशात स्वतःकडे बघितलं तेव्हा गालावर ग्रीस होतं, पुसलं नाही.

बुध., १२
प्लॅस्टर निघालं. दादा काठी घेऊन आला, टेबलाजवळ बसला, माझे पाने त्याच्या जुन्या क्रमानं लावले. "चल, काउंटर बघ."
गेले. भांडता आलं असतं.
दिवसभर बल्ब विकले. दोघा गिऱ्हाइकांवर उगीच खेकसले.

शनि., १५
अकराला नाना. गावचा एकजण घेऊन आले, पुढे नानांची जीप, मागे त्याची व्हॅन. तिचाही दिवा विझत नाही म्हणे. दादा काठी टेकत उठला, "या नाना, बघतो."
नाना सरळच बोलले. "तू नको, भाऊ. ताईले बलाव."
दादाचे कान लाल. मी काउंटरवरून उठले, व्हॅनचं बॉनेट उघडलं, मोजायला लागले. बेल्ट ढिला होता, साधं काम.
दादा मागे उभा होता. व्हॅन गेल्यावर हळूच म्हणाला, "त्या जीपचं मायनसकडून कसं मोजलंस तू?"
पंधरा वर्षांत त्यानं मला काही विचारलं, ते हे पहिलं. दाखवलं. दोनदा दाखवलं. त्यानं मीटर हातात घेऊन एकदा स्वतः करून बघितलं. "हं," म्हणाला.
सोमवारी मी टेबलाशी की काउंटरवर, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही, विचारणारही नाही. सकाळी त्याच्या आधी जाऊन शटर मी उघडणार, आणि थेट टेबलाशी.