शेजारी गेलेलं ताक

प्रिय सुकन्या,

काल नगरला डॉक्टरांनी इको केला. पडद्याकडे बघत गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, अटॅकनंतर मंदावलेलं हृदय चांगलं सावरलंय, आता मोकळे फिरा. ऐकून तुझी आई तिथंच रडायला लागली. बाहेर बसलेल्यांना वाटलं, माझं काही खरं नाही. आणि मी तिच्या शेजारी वेड्यासारखा हसतोय. जीव भांड्यात पडला गं पोरी.

उन्हाळ्यात दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा तिनं स्निग्ध म्हणून जे होतं ते हद्दपार केलं. तूप-लोणी गेलं ते ठीकच. पण तेलाचा थेंब, शेंगदाणा, एवढंच काय, ताकसुद्धा बंद! दोन गायी दावणीला, आणि मी भाकरी पाण्यात कुस्करून खातोय. ताक मागितलं की म्हणायची, "लोन्याचंच पानी ते, तुमाला न्हाई सोसायचं." आपल्यात ताक विकत नाहीत, म्हणून सगळं शेजारच्या दगडाबाईकडे जायचं. ती दिवसेंदिवस तुकतुकीत, मी वाळत चाललेलो. चार पावलं टाकली की भिंत धरायचो. तेव्हा मात्र मी खरंच भ्यालो होतो.

मग तू फोनवर आईला समजावलंस. तुझ्या प्रयोगशाळेतलं ते फॉस्फोलिपिड तिला इतकं पटलं, की तिनं मला आणि मी अख्ख्या वस्तीला शिकवलं. त्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. असे कण खेटून उभे राहतात आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीचं कुंपण होतं. हृदयाचं रक्त अडलं की तिथली कुंपणं फाटतात. दुधातल्या लोण्याच्या थेंबांवरही याच जातीचं पातळ वेष्टण असतं. रवीनं घुसळलं की ते फुटून बरंचसं ताकात उतरतं. म्हणजे नको ते टाळताना हवं तेही आम्ही दगडाबाईला पोचतं करत होतो. डॉक्टरांनी बिनमिठाचं ताक, थोडे शेंगदाणे, बेताचं तेल सुरू करायला सांगितलं. वर दमही दिला, की नुसत्या ताकानं हृदय बरं होत नसतं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. एकही चुकवली नाही. हळूहळू पायांत बळ आलं, चालणं वाढलं. दगडाबाई मात्र रुसलीय. "तुजं मानूस बरं झालं ते लई ब्येस, पन माजं ताक गेलं की," असं आईला ऐकवते.

आता खरं सांगतो. तुझ्या हर्षलदादाकडून कळलं, की तू प्रयोगशाळा सोडून माझ्या उशाशी बसायला घरी येणार आहेस, राजीनामाही लिहून ठेवलायस. फोनवर बरा आहे म्हटलं तरी तुला पटत नाही; माझा आवाज ऐकत बसतेस, कुठं धाप लागते का ते. म्हणून हे पत्र. ते टाकायला मी वस्तीवरून काष्टीच्या पोस्टापर्यंत चालत जाणार आहे, एकटा. वाटेत दम लागला तर तसाच मागं फिरेन आणि पत्र खिशातच राहील, तुझी शपथ. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं, म्हणजे तुझा बाप पोचला असं समज. राजीनामा फाड आणि कामाला लाग.

तुझाच,
धडधाकट अण्णा