साखर दोन पॉइंट आठ

ती. माईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात, कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का आणि शेजारीण तुझं वर्तमानपत्र तुझ्याआधी वाचायला नेते का, हे सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय. लेक परगावी नोकरीला. ती बरी असल्याचं फोटोंवरून दिसतं.) मागे फोनवर मी ‘ऑफिसात थोडी गडबड झाली’ एवढंच म्हणालो होतो. गडबड थोडी नव्हती आणि केली मीच होती. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मधेच तोडतेस, कागदावर तुला ती सोय नाही.

तर झालं असं, की तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. साखर उंबरठ्यावर आलीय, अजून घरात शिरलेली नाही, तेव्हा न्याहारी सुधारा, म्हणाल्या; पाकिटाच्या पाठीवरचं वाचून मगच विकत घ्या. आता हे मला सांगायचं! सव्वीस वर्षं मी खोकी छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. पाकिटांच्या पाठी वाचून वाचून माझी पाठ वाकली. त्याच आठवड्यात टेबलावर एका नव्या सीरिअलच्या खोक्याचं प्रूफ आलं. मी ‘पौष्टीक’ची वेलांटी ऱ्हस्व केली, दोन स्वल्पविराम उडवले, ‘तंतुमय’चा हरवलेला अनुस्वार शोधून आणला आणि ऐटीत सही ठोकली. पोषणमूल्यांच्या तक्त्यात लिहिलं होतं: शंभर ग्रॅममध्ये साखर २.८ ग्रॅम. म्हटलं, देव पावला! कंपनीने नमुन्यादाखल दिलेली पाकिटं कपाटात पडूनच होती. (मालकांना विचारून घेतली. म्हणजे घेतली आणि मग विचारलं.)

तिथून माझा सुवर्णकाळ सुरू झाला. रोज सकाळी वाडगाभर सीरिअल, वर गार दूध. काय कुरकुरीत, काय गोड! तळाशी उरलेलं दूध तर मी वाडगा तोंडाला लावून प्यायचो. तुझी भावजय एकदा म्हणालीही, “पथ्याचं खाणं एवढं चाटूनपुसून खाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.” त्यावर मी तिला धान्याच्या नैसर्गिक गोडव्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं, तर साखर उंबरठा ओलांडून आत येऊन पाय पसरून बसलेली! डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं, हिला आत बोलावलं आणि विचारलं, “हे चोरून काय खातात?” त्या संध्याकाळी माझ्या कोटाच्या खिशांपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत झडती झाली. सापडलं काहीच नाही, त्यामुळे संशय दुप्पट वाढला.

शेवटी निर्दोष सुटण्यासाठी मी छापखान्यातून आणलेलं ते नवं खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम’ असं होतं. तीस ग्रॅम ओतले, तर वाडग्याचा तळसुद्धा झाकेना. माझा वाडगा भरला नव्वदला. पण नव्वद ग्रॅममध्येही साखर जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा. तेवढ्याने कुणाचं काय बिघडतं? मग माझ्या लक्षात आलं. घटकपदार्थ वजनाप्रमाणे लिहितात. जास्त ते आधी, कमी ते नंतर. यादीत पहिला मका, दुसरी साखर, तिसरा ओटचा कोंडा, आणि कोंड्यापुढे कंसात ९ टक्के. तिसरा जर नऊ, तर दुसरी पावणेतीन कशी?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो आणि कंपनीचा मूळ कागद काढला. २८.०! जुळणी करताना टिंब एक घर अलीकडे सरकलं, शून्य गळून पडलं आणि खाली माझी वळणदार सही. वेलांट्यांच्या मागे लागलो आणि आकड्यांवरून नजर सुळकन घसरली. म्हणजे मी रोज सकाळी पाच चमचे साखर खात होतो, तीही पथ्य म्हणून.

माई, तुझ्यापासून काय लपवायचं? मी तो कागद पालथा घातला आणि तसाच बसून राहिलो. निवृत्तीला दोन वर्षं. चाळीस हजार खोकी छापून, गठ्ठे बांधून तयार, सोमवारी जाणार. एवढंसं टिंब, कुणाला कळणार? पण माझ्यासारखंच कुणीतरी दुकानात उभं राहून, खोकं उलटं करून, चष्मा वर सारून तो आकडा वाचणार आणि निश्चिंत मनाने वाडगा भरणार, हे काही डोळ्यांपुढून हलेना. उठलो आणि मालकांच्या खोलीत गेलो. मालक जमदग्नीचा अवतार. तरी म्हटलं, “साहेब, चूक माझी आहे, आणि महिनाभर मी ती वाडगा भरून खातोय.” ते एकदा कागदाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.

“कुणी पकडली?”

“मीच.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “माझी आईही असंच मागचं वाचून घेते हो,” आणि स्वतः कंपनीला फोन लावला.

कंपनीच्या तपासनीस बाई तासाभरात आल्या. चेहरा असा, की दूध नासावं. पण ‘कळवलंत हे बरं केलंत’ एवढं म्हणाल्या आणि चिकटपट्ट्यांचा मार्ग त्यांनीच सुचवला. मग तीन दिवस मशीनवाल्यापासून मालकांपर्यंत आम्ही सगळे लांब टेबलाशी बसून ‘साखर २८.० ग्रॅम’ची पट्टी खोक्यामागून खोक्यावर चिकटवत होतो. तुझी भावजयही आली आणि वेगात सगळ्यांच्या पुढे गेली. शेवटच्या दिवशी तपासनीस बाईंनीही बाह्या सरसावल्या. जाताना म्हणाल्या, की तो आकडा चाळीस हजार वेळा डोळ्यांखालून गेल्यावर साखर कमी करण्याची बोलणी कंपनीत चालू झाली आहेत. (बोलणीच आहेत, पण चालू आहेत.) माझी नोकरी शाबूत आहे. कालच्या तपासणीत साखरही दाराबाहेर निघालेली दिसली. आता मोजून तीस ग्रॅम, दुसऱ्या पाकिटातलं. चव पुठ्ठ्याची, पण पुठ्ठ्याशी माझं जुनं नातं आहे.

तब्येतीला जप, औषधं वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता.क. शुद्धिपत्र: वर ‘माझ्या लक्षात आलं’ असं आहे तिथे ‘तुझ्या भावजयीच्या लक्षात आलं’ असं वाचावं. कोंड्याचे नऊ टक्के तिनेच दाखवले. मी तेव्हा वजनकाट्याला दोष देत होतो. मालकांनाही हे मागाहून सांगितलं. ते म्हणाले, मला अंदाज होताच.

ता.क. २. आता छापखान्यात नियम झालाय: आकडे दोघांनी मोठ्याने वाचून ताडायचे. दुसरं माणूस हवंय, रोज तीन तास. एकतीस वर्षं गणित शिकवलेली, कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारी व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, असं मी मालकांना म्हणालो. जरा पुढे जाऊन ‘ती येतेय’ असंही म्हणालो. मागची खोली रिकामी करून तुझ्या भावजयीने पडदेसुद्धा लावलेत. आकड्यांसाठी दुसरं कुणीही मिळालं असतं ग. पण गेल्या वेळी फोनवर तू ‘दिवस जाता जात नाही’ म्हणालीस, ते काही कानातून जात नाही. हो म्हणायचं असेल तर उत्तर लिहू नकोस, सरळ ये. नाही म्हणायचं असेल, तर तेही येऊनच म्हण.