चिन-फूला घराबाहेर ठेवण्याबाबत

मी ली बोंगछी, वय शहात्तर, कै. को ताय-शान यांची बायको, राहणार हाईवेई, मासळीच्या लिलावामागची गल्ली. डोकं जाग्यावर आहे. मला कोणी काही पाजलेलं नाही. धमकावणारा एक आहे, त्याचं पुढे येईल. बोंगछी म्हणजे 'जगली तर जगू दे'. मुलगी झाली म्हणून बापाने रागात ठेवलेलं नाव. जगले. उजवं मनगट मोडलेलं असल्याने हे मृत्युपत्र मी सांगते आहे आणि फान भाऊ लिहीत आहेत. ते सरकारी वकिलाच्या कचेरीतले निवृत्त कारकून.

१. त्याच कचेरीत मी बत्तीस वर्षं मयतं धुतली. बुडालेली, भोसकलेली, फासावरून उतरवलेली. घातपाताचं मरण असलं की वकीलसाहेबांनी स्वतः येऊन प्रेत बघायचं असतं. त्यांनी बघण्याआधी रक्त आणि चिखल काढायचा, ते माझं काम. माझी जागा कागदावर नव्हतीच. पगार किरकोळ खर्चातून, झाडू आणि शाईच्या रांगेत. दोन वकील, एक गाडी, अख्खा जिल्हा. सरकारी वर्ष तेव्हा जूनअखेर संपायचं, त्यामुळे जूनमध्ये पेट्रोल नाही, बर्फ नाही, चिरफाड करणाऱ्या डॉक्टरची फी नाही.
"मावशी, या महिन्यात कोणी मरू नये," दोघांतले थोरले वकील त्साय साहेब म्हणायचे.
"ते मारणाऱ्यांना कळवा, साहेब."

२. पितळी घमेलं, रबरी एप्रन, नखं घासायचा ब्रश. एप्रन आणि ब्रश जाळावेत. साबण घरून आणायला लावणारा हिशेबनीस वू अजून जिवंत असेल तर घमेलं त्याला द्यावं. घासू नये.

३. माझी मुलगी सिउ-गिम प्रजासत्ताकाच्या एकाहत्तराव्या वर्षी, म्हणजे सदतीस वर्षांपूर्वी, अकरा जूनला गेली. जावई म्हणाला, जिन्यावरून पडली. तिला मीच धुतलं. बरगड्या हाताखाली सुट्या हलत होत्या आणि पाठीवर टाचेचा ठसा होता, खिळ्यांसकट. जिना बूट घालत नाही. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "मरणाच्या कारणाबद्दल घरच्यांचा काही आक्षेप?" आक्षेप म्हटला की चिरफाड, आणि चिरफाडीला पैसे जुलैत. तोवर एकोणीस दिवस पत्र्याच्या खोलीत, त्या उकाड्यात. आदल्या वर्षी एका कोळ्याला तसं ठेवलं होतं. धुताना त्याचं मांस माझ्या हातात आलं. मी म्हटलं, "नाही." अंगठा दिला. जावयाने थंडीच्या आत दुसरी आणली. ही चूक माझी, सरकारची अर्धी. ती कोणाच्या नावावर करता येत नाही, म्हणून नुसती लिहून ठेवते.

४. मुलगा चिन-फू. त्याची बायको दाओ थी न्हान, व्हिएतनामची. पंधरा वर्षं इथं आहे, ओळखपत्र मिळालेलं आहे, लिलावात मासे कापते. याने मारून मारून तिचा डावा कान बहिरा केला. गेल्या महिन्यात तिचेच केस मुठीत धरून तिचाच सुरा तिच्या गळ्याला लावला. मी मध्ये पडले तर लोखंडी स्टूल माझ्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला नवा नाही.
या वेळी मी त्याच कचेरीत तक्रार केली. वकीलबाई तरुण आहेत. टेबलावर फायलींची भिंत, भिंतीमागे त्या.
"आजी, महिन्याला शंभर नवी प्रकरणं येतात. माणसं वाढवून देत नाहीत. घरातल्या घरात मिटत असेल तर बघा ना."
"बाई, तुमच्या कचेरीत काम का अडतं ते मला नका शिकवू. मी तिथंच म्हातारी झाले. हा दवाखान्याचा कागद आधी टाचा."
टाचला. फाईल ढिगात आहे. ढीग उपसेपर्यंत न्हान जिवंत राहिली पाहिजे, आणि त्यासाठी तिला आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार पाहिजे.

५. म्हणून हे घर, मागची मोरी आणि बँकेतली ठेव न्हानला. चिन-फूला काही नाही, कायदा मुलासाठी राखून ठेवतो तो वाटासुद्धा नाही. आईला मारणाऱ्या वारसाचा हक्क आईच्या शब्दाने जातो, हे कलम फान भाऊंनी मला दोनदा वाचून दाखवलं. कुलूप मी बदलून घेतलं आहे. माझ्या शवपेटीपुढे अगरबत्तीचं भांडं न्हानची मुलगी, माझी नात यू-तिंग धरेल. मुलाने धरायचं असतं, ठाऊक आहे.

६. हे लिहीत असताना, दुपारी चार वाजता, चिन-फू दारावर लाथा मारतो आहे. फान भाऊंचा हात थांबला. मी म्हटलं, लिहा, शब्द न शब्द.
"म्हातारे, दार उघड. आत कोण कोण बसलंय? घर त्या परदेशी रांडेला देतेस? मासळीसारखं चिरीन दोघींना."
"आणखी काही?" मी आतून विचारलं.
"तुझा दुसरा हातही मोडीन."
"फान भाऊ, 'दुसरा' लिहिलंत? मग पहिला कोणी मोडला ते आलं. तिघाही साक्षीदारांनी ऐकलं ना?"
तिघांनीही ऐकलं.

वरील मजकूर मी, फान, बोंगछीबाईंना वाचून दाखवला. एक शब्द बदलू नका म्हणाल्या. दुसरी प्रत घेऊन न्हान मागच्या दाराने वकीलबाईंकडे निघाली आहे. कचेरी साडेपाचपर्यंत उघडी असते. पुढचं दार अजून धरून आहे.

ली बोंगछी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
फान क्वो-हाय (लेखक)
च्युंग आ-मेई, शेजारीण
शिह तेंग-को, बर्फवाले

हाईवेई, प्रजासत्ताक वर्ष १०८, ऑक्टोबर १७