दारातला माठ आणि दिवसाचा एक लिटर

१२ मे

लिहायचं टाळलं — सरळ कबूल. वही चार तारखेलाच आणली होती. मग कळंबोलीला गेलो, एक ट्रकवाला पुण्याला निघालेला, बसलो त्याच्या शेजारी! आत्याला दवाखान्यातून सोडलं तेव्हा मी खोपोलीत वडे खात होतो. लाज वाटली.

दुर्गाआत्याचं हृदय नीट पंप करत नाही. पाय सुजलेत, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, दिवसाला एकच लिटर. रोज सकाळी वजन. "पुन्हा अंगात पाणी भरलं तर झेपणार नाही त्यांना." तिला माझ्याशिवाय कोणी नाही. दहावीनंतर मी एकही गोष्ट पुरी केली नाही. ही करणार.

वजन ५४.२.

१३ मे

दवाखान्यातल्या सुचित्रा सिस्टरने फोनवर समजावलं. आत किती गेलं, बाहेर किती आलं — दोन्ही लिहायचं. चहा, ताक, वरण, कलिंगडसुद्धा. लघवी मापात. घामातून, श्वासातून जातं ते मोजता येत नाही, म्हणून वजन. एका दिवसात किलो वाढला तर ती चरबी नाही, लिटरभर पाणी! मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून लोणचं बंद. मी विचारलं, मग उंटाचं काय? "संघर्ष, वहीत लक्ष दे."

१४ मे

दुपारी आत्याने पाणी मागितलं. उरलेलं संध्याकाळसाठी होतं. नाही म्हणालो. बर्फाचा खडा दिला, तोही लिहून.

"गावाला विहिरीला हात लावू द्यायचे न्हाईत. ताटकळत उभं ऱ्हायचं. मग पाटलाचा उदयसिंह वरनं ओतायचा, आमी ओंजळ धरायची. आता घरातबी ओंजळच धरू का रं, संग्या?"

बाहेर गेलो. रडलो नाही. जरा रडलो.

१५ मे

५५.१. मी तर ९५० मिलीच लिहिलेत! कुठून आलं?

१६ मे

५५.८. शेजारचा बंडू — "तोंड सुकलंय बघ तिचं. दोन सलाईन लाव, ताकद येईल." मलाही पटत होतं! सिस्टरला विचारलं. "सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच रे. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते वाचवतं. हिला लावलं तर फुप्फुसात उतरेल." बंडूला नाही म्हणालो. "डाक्टर झाला का तू?" नाही झालो. पण नाही म्हणजे नाही.

डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली. उतरलं नाही तर परवा भरती.

१७ मे

सापडलं! दारातला माठ. गॅसवाला, कुरिअरवाला, शाळेची पोरं — ज्याला तहान तो आत्याच्या माठाशी थांबतो. आणि प्रत्येकासोबत आत्या आपलं छोटं फुलपात्र भरते! मी आतली बाटलीच मोजत बसलो होतो. फुलपात्र मापलं — साठ मिली. जेवणापर्यंत अकरा माणसं. सहाशे साठ!

"अगं, का?"

"पान्याला आलेल्याला एकट्यानं पिऊ द्यायचं नसतं. विहिरीवर त्यांनी ओतलं, पर आमच्यासंगं कदी प्याले न्हाईत."

माठ उचलू म्हटलं तर म्हणाली, "आदी मला उचल."

मग ठरलं. दारात मी बसणार. प्रत्येकासोबत मी पिणार.

१८ मे

५५.२. भरती टळली! तळोज्याला एकजण कामाला बोलवत होता. गेलो नाही. सकाळपासून चौदा फुलपात्रं. सारखं मुतायला पळतोय. माझी मूत्रपिंडं तरी ठणठणीत!

२१ मे

५४.४. खळगा पटकन भरतो आता. एका जागी इतके दिवस मी आयुष्यात बसलो नव्हतो.

२३ मे

५४.१!

आत्ता दारात एक म्हातारा थांबलाय. पांढऱ्या मिशा, घामाघूम. मुलाने समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय, पत्ता सापडत नाही म्हणे. "पाणी मिळेल का?" मी फुलपात्र उचललं. आत्या काठी टेकत बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली.

"उदयसिंह न्हाई का तुमी?"

त्याने मान खाली घातली.

आत्याचे आजचे साठच मिली उरलेत, गोळीपुरते. तिने माझ्या हातातून फुलपात्र घेतलं.

"गोळी?" मी म्हणालो.

"कोरडी गिळीन. ह्यांच्यासंगं मी पिते. लिही वहीत."