शेऱ्याचा रकाना

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केबिनमधूनच लिहितोय. खाली काँक्रीटची गाडी अडकलीय, तोवर क्रेन उभी आणि मी साठ मीटरवर रिकामा. फोन वर आणायची बंदी आहे, नाहीतर तुझ्या शिव्या थेट कानांनी ऐकल्या असत्या.

लघवीच्या त्रासासाठी एकदाचा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वर्षात तीनदा ताप आला म्हणून हिनं अक्षरशः ढकलत नेलं. त्यांनी मापाचं भांडं आणि एक तक्ता दिला. पाच दिवस प्रत्येक वेळी किती झाली ते लिहायचं, पुढे शेऱ्याचा रकाना. भरलेला तक्ता पाहून म्हणाल्या, आकडे तर चांगले आहेत, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी बघू. सुटलो बुवा! तुझी खात्री पटावी म्हणून नक्कल सोबत जोडतोय.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
बगळा


दि. ८ मार्च

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

तक्ता मिळाला. तीनदा वाचला, तोवर हातातला चहा निवून गेला.

अरे शहाण्या, तेवीस वर्षं लोकांच्या दारातले पाण्याचे मीटर वाचतेय मी. घरी बसून आकडे भरणारे किती पकडले असतील! दोनशे, अडीचशे, दोनशे, तीनशे. पाच दिवसांत एकही आकडा तीनवर संपत नाही की सातवर नाही. खरं पाणी इतकं शिस्तीत वाहत नाही रे. शिवाय सकाळी अकराला अडीचशे? सातला चढलेला तू पाचशिवाय उतरत नाहीस, आणि उतरावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा पीत नाहीस. मग भांडं काय हुकाला अडकवून वर मागवलंस?

आणि शेऱ्यात ओळीनं 'ठीक'. अण्णांनी लेकीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातही हेच होतं, प्रकृती ठीक. ते माझ्या हातात पडलं तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडून दोन दिवस झाले होते. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. दुसरं तसलं मला नको. मला भीती वाटते, बगळ्या.

चार दिवस रजा टाक, खरे आकडे लिही आणि डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन कान पकड. आजच्या आज.

रागावले आहे, पण जीव तुझ्यातच आहे.

ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. क्रेनचा रोजचा तक्ता आम्ही शनिवारी एका बैठकीत भरतो. दोर ठीक, ब्रेक ठीक, हूक ठीक. (दोर रोज तपासतो हं, लगेच किंचाळू नकोस. लिहितो तेवढं शनिवारी.) हाताला तेच वळण. आणि खरं सांगायचं तर खरे आकडे लिहायची हिंमतच नव्हती.

आता ऐक. सकाळी १८७ झाली. मोकळं वाटलं म्हणून चपला घातल्या, आणि दहा मिनिटांत परत १६३. दर वेळी असंच. वर्षभर चाललंय आणि मी हिलासुद्धा बोललो नव्हतो. हा तक्ता पाहून डॉक्टरीणबाईंनी रागवायचं सोडून फोन उचलला. लगेच सोनोग्राफी, मग दुर्बीण.

मूत्राशयाच्या भिंतीतून बाहेर एक पिशवी फुगलीय, मोसंब्याएवढी. भिंत तिथं जन्मापासून कच्ची असावी, आणि वीस वर्षं दाबून धरून मी ती फुगवली. अर्धी लघवी त्या पिशवीत शिरते आणि मागाहून परत येते. साठून राहते, म्हणून ताप. मूत्रपिंडाकडून येणारी नळी पिशवीला चिकटलीय. तीन महिने गोळ्यांवर काढले असते तर त्या बाजूचं मूत्रपिंड जाऊ शकलं असतं म्हणे.

पोट फाडणार नाहीत. चार-पाच लहान भोकं पाडून पिशवी कापायची आणि भिंत शिवायची. धोका आहे तो त्या नळीला. तारीख २ एप्रिल.

आशीर्वाद असू दे. या खेपेला लागणार आहे.

बगळा


दि. २१ मार्च

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

भोकं लहान म्हणून काम लहान, असं समजू नकोस. नळीला धक्का लागला तर काय करणार, ते विचारलंस का? ऑपरेशन कोण करणार? अशी किती केलीत? सगळं विचार आणि लिहून घे. कागदावर, मनात नाही.

काल एका दारात मीटर वाचला आणि आकडा लिहायचाच विसरून आले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. परत जाऊन बेल वाजवली तर त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं आणि बसवून घेतलं. इतका माझा चेहरा उतरला होता.

मी येऊ का? नेहमीसारखं 'कशाला, मी ठीक आहे' लिहू नकोस. काय वाटतं ते लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

ताई


दि. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं विचारलं, कागदावर घेतलं. नळीला इजा झालीच तर तिथंच जोडणार. डॉक्टरीणबाईंनी अशी चाळीसेक केलीत.

गंमत ऐक. त्या टेबलाजवळ नसतातच. कोपऱ्यात खुर्चीत बसून, पडद्यात डोळे घालून रोबोटच्या दोन दांड्या हलवतात आणि इकडे माझ्या पोटात हत्यारं हलतात. अगं, हे तर माझंच काम! म्हणून मी विचारलं, खाली खुणा करणारा कोण? आम्हाला वरून भार दिसत नाही तेव्हा सगळं त्या एका माणसाच्या नजरेवर असतं. त्या हसल्या आणि टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या धाकट्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्या धाकट्या बाई म्हणाल्या, शेवटचा टाका पडेपर्यंत मी जागची हलणार नाही. तेव्हा कुठं सही केली.

तरीही सांगतो. घाबरलोय. जेवण जात नाही. काल भार उतरवताना खालच्या माणसाची थांबायची खूण उशिरा लक्षात आली, म्हणून सुपरवायझरला सांगून कालपासूनच रजा घेतली. ताई, तू ये. रजा मिळत नसली तरी ये.

वाट बघतोय.

बगळा


दि. १६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आलीस, फार धीर आला. ऑपरेशनचे चार तास बाहेरच्या बाकावर बसलीस आणि दर मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ वाचत होतीस, असं हिनं सांगितलं. तू सहा तारखेला परत गेलीस तेव्हा लघवीची नळी लावलेलीच होती, म्हणून आजचं सविस्तर लिहितो.

सकाळी मूत्राशयात औषध भरून फोटो काढला. शिवण पाझरतेय का ते बघायला. फोटो येईपर्यंत मी छताकडे बघत पडलो होतो. पाझर नव्हता. लघवीची नळी काढली, आणि हातात पुन्हा तेच भांडं, तोच तक्ता.

पहिल्या वेळी २१३. मग बाकावर येऊन बसलो. ही शेजारी. दहा मिनिटांनी आत गेलो, उभा राहिलो. काही नाही. थांबलो. काहीच नाही. सोनोग्राफीतही मूत्राशय जवळजवळ रिकामं, आणि त्या बाजूचं मूत्रपिंड शाबूत.

तक्त्यात शून्य लिहिलं. शून्य बघून तुझ्या कपाळाला आठी पडणार हे माहीत आहे, म्हणून नक्कल नाही, मूळ तक्ताच पाठवतोय. खाली डॉक्टरीणबाईंची सही आहे. वर चढायला अजून दीड महिना. तेव्हाही दर तीन तासांनी खाली उतरायचं, असं सुपरवायझरकडून लिहून घेतलंय.

शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं आणि सवयीनं 'ठी' लिहून गेलो. ते तू बघशीलच, खोडलंय. मग मनात होतं ते लिहिलं: ताईला आधी कळवणे.

तुझा,
बगळा